घरातल्या कोणत्या लाइनला आरसीसीबी हवाच?

(बिलासपूर येथील आपल्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या शंकांची उत्तरे मजकुरातच सामावून घेतली आहेत.)



काल याच मंडपात नाट्यसंगीत झाले आणि उद्या मोदकांची स्पर्धा आहे. या दोन गोड कार्यक्रमांच्या मध्ये विजेच्या शॉकवर बोलायला मला उभे केले आहे. कार्यकारिणीचे धाडस मानले पाहिजे! मी फार लांबण लावणार नाही. विषय एकच आहे : आपल्या घरातल्या कोणकोणत्या लाइनींना आरसीसीबी लागतो, आणि लावलेला आरसीसीबी टिकतो कसा.

'टिकतो कसा' हे मुद्दाम म्हटले. कॉलनीतल्या वायरिंगचे काम पाहताना आणि बाहेर घरे बांधलेल्या मंडळींकडे जाताना एक वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकतो : "आमच्याकडे आहे हो तो, पण सारखा पडायचा, म्हणून मिस्त्रीने डायरेक्ट करून दिला." बोर्डावर डबी दिसते, तिच्यावरचे बटणही दिसते, पण वायरी तिला वळसा घालून गेलेल्या असतात. ज्याच्याकडे आरसीसीबी नाही तो निदान जपून वागतो. ज्याच्याकडे तो नुसता शोभेला आहे, तो मात्र निर्धास्त असतो. हे अधिक वाईट.

आधी नावाचा घोळ मिटवू. आरसीसीबी म्हणजे रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर. दुकानदार त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. पूर्वीचा ईएलसीबी व्होल्टेजवर चालायचा, तो केव्हाच मागे पडला. नाव तेवढे राहिले. आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डबीत असले की तिला आरसीबीओ म्हणतात. आज मी सोयीसाठी सगळीकडे आरसीसीबीच म्हणेन.

माणूस किती करंटने जातो?

देवघरात लावतो तो झिरोचा बल्ब आठवा. नाव झिरो, पण तो साधारण १५ वॉट घेतो. म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ६५ मिलीअँपिअर. एवढा करंट छातीतून सेकंदभर गेला तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. १ मिलीअँपिअरला मुंग्या येतात. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 'करंटने ओढून धरले' असे आपण म्हणतो ते हेच. ३० च्या सुमाराला श्वास घेणे अवघड होते. ५० च्या पुढे, करंट किती वेळ वाहिला त्यावर, हृदयाचा धोका वाढत जातो.

अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून 'हात सोडता येतो' ही मर्यादा मोजली होती. पुढे १९६१ साली त्यांनीच तिकडे वापरले जाणारे गळती ओळखणारे उपकरण तयार केले. अमेरिकेत माणसाच्या रक्षणासाठी ५ मिलीअँपिअरचे उपकरण वापरतात. युरोपात आणि आपल्याकडे ३० मिलीअँपिअरचे.

ओल्या हातांचा, अनवाणी उभा असलेला माणूस करंटला हजारएक ओहमचा अडथळा करतो. २३० व्होल्टला हजाराने भागा : २३० मिलीअँपिअर. धोक्याच्या रेषेच्या कितीतरी पुढे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अपघाती मृत्यूंचे अलीकडचे अहवाल पाहिले, तर देशात विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा वर्षाला दहा हजारांच्या वर असतो.

एमसीबी कोणाचे रक्षण करतो?

"आमच्याकडे सगळे नवे एमसीबी आहेत," असे कोणी सांगितले की मी विचारतो, किती अँपिअरचे? उत्तर येते, १६ चे. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणूस जातो ५०-६० वर. एमसीबीच्या दृष्टीने माणसातून जाणारा करंट म्हणजे एक छोटा दिवा लागला, इतकेच. एमसीबी वायरीचे रक्षण करतो. वायर जळू नये, आग लागू नये, हे त्याचे काम आणि ते तो चोख करतो. माणूस वाचवणे हे त्याचे काम नाही.

मग आरसीसीबी काय करतो? आपल्या मंडळाचे खजिनदार जे करतात तेच. जमा आणि खर्च जुळतो का ते पाहतो. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. दोन्ही वायरी आतल्या एका गोल कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा सारखा असेल तर कडे शांत. पण वाटेत कुठे करंट गळला, गीझरच्या पत्र्यातून जमिनीत, ओल्या भिंतीत, किंवा कोणाच्या अंगातून, तर परत येणारा कमी भरतो. हा फरक ३० मिलीअँपिअर झाला की तो ०.३ सेकंदाच्या आत दोन्ही वायरी तोडतो. फरक दीडशेच्या वर गेला तर ०.०४ सेकंदात. म्हणजे शॉक बसतो, झटका जाणवतो, पण हृदय बिघडण्याइतका वेळ करंटला सहसा मिळत नाही.

"आमचे अर्थिंग पक्के आहे"

हा पुढचा आक्षेप. अर्थिंग हवेच, त्याला पर्याय नाही. पण हिशेब पाहा. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात एकट्या घराच्या अर्थचा अडथळा १० ओहम निघाला तर नवल नाही. गीझरचा एलिमेंट फुटून पत्र्यात फेज उतरला तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर जमिनीत जातील. १६ चा एमसीबी २३ अँपिअरला लगेच पडत नाही. इतक्याशा जादा भाराला तो तासभरही लावू शकतो. तेवढा वेळ गीझरच्या आणि नळाच्या अंगावर २०० व्होल्टच्या आसपास बसलेले असतात. आरसीसीबी असेल तर त्या २३ अँपिअरने तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पडेल. अर्थचा अडथळा शेकडो ओहमवर गेला तरी तो काम करतो. म्हणजे अर्थिंग सुकले, सैल झाले, तरी सांभाळून घेणारा हाच.

उलट बाजूही सांगतो. अर्थिंग अजिबात नसेल, उदाहरणार्थ टू-पिनवर चालणारा लोखंडी कूलर, तर पत्र्यात फेज उतरला तरी करंटला जायला वाट नसते. आरसीसीबीला गळती दिसतच नाही. कोणी हात लावला की त्या माणसातून पहिली वाट मिळते, आणि मग तो पडतो. अर्थिंग असेल तर दोष निर्माण झाला त्याच क्षणी आरसीसीबी पडतो, कोणी हात लावायच्या आधी. म्हणून दोघे एकमेकांचे जोडीदार आहेत.

आता मुख्य प्रश्न : कोणत्या लाइनी?

कसोटी सोपी आहे. प्रत्येक लाइनपाशी उभे राहून विचारा : या लाइनवर चालणारे काही कोणी हातात धरते का? तिथे पाणी असते का? ती उघड्यावर जाते का? तीनपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले, तर त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

पहिला गट पाण्याचा. बाथरूममधले सगळे : गीझर, तिथला दिवा, एक्झॉस्ट फॅन, दाढीचा प्लग. बाथरूममध्ये एकही लाइन सोडू नये. वॉशिंग मशीन. पाण्याची मोटर, टुल्लू पंप असो, बोअरचा असो. आणि आपल्या गावचा राजा, कूलर. लोखंडी किंवा पत्र्याची बॉडी, आत पाण्यात बुडालेला पंप, सतत भिजणारी वायर, आणि चालू कूलरमध्ये पाइपने पाणी सोडणारा अनवाणी माणूस. एप्रिल ते जून आपल्या घरात यापेक्षा धोकादायक वस्तू नसते. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा, हा नियम आरसीसीबी असला तरी पाळायचा.

दुसरा गट सॉकेटचा, म्हणजे भिंतीतले सगळे प्लग पॉइंट. ५ अँपिअरचे आणि १५ अँपिअरचे, दोन्ही. इस्त्री, मिक्सर, पाणी तापवायचा रॉड, मोबाइलचा चार्जर, ड्रिल, एक्स्टेंशन बोर्ड. सॉकेटमध्ये उद्या कोण काय लावील ते घर बांधताना सांगता येत नाही, म्हणून सॉकेट सरसकट. वायरिंगच्या आपल्या भारतीय मानकाची, आयएस ७३२ ची, २०१९ सालची आवृत्ती आणि आंतरराष्ट्रीय मानके यांचा रोख हाच आहे : सामान्य माणूस वापरतो त्या सॉकेटना ३० मिलीअँपिअरचे जादा संरक्षण. स्वयंपाकघर याच गटात, आणि तिथे ओटा ओला असतो, म्हणून तर अधिकच.

तिसरा गट बाहेरच्या लाइनींचा. गेटवरचे दिवे, बागेतले दिवे, गच्चीवरचा पॉइंट, गॅरेज, दिवाळीचा आकाशकंदील ज्या पॉइंटवर लागतो तो. पावसाचे पाणी जंक्शन बॉक्समध्ये शिरते ते इथे.

चौथा गट आतल्या दिव्या-पंख्यांचा. इथे मतभेद होते. दिवा छताला, बटण भिंतीत, हातात काही येत नाही, म्हणून पूर्वी हा गट सोडत असत. पण बल्ब बदलताना होल्डरला बोट लागते, पंख्याची दांडी पुसताना ओले फडके लागते, भिंतीत खिळा ठोकताना वायर सापडते. ब्रिटनच्या वायरिंग नियमांची १८वी आवृत्ती २०१८ साली आली, तिने घरातल्या दिव्यांच्या सर्किटनाही ३० मिलीअँपिअरचे संरक्षण आवश्यक केले. माझे मत विचाराल तर दिव्यांनाही द्या, मात्र वेगळे द्या. त्याचे कारण पुढे येते.

पाचवा गट एकट्या मोठ्या उपकरणांचा : एसी आणि फ्रिज. यांनाही हवा, पण स्वतःचा, म्हणजे एकेक आरसीबीओ. चार दिवस गावाला गेलात आणि बागेतल्या दिव्यामुळे फ्रिज बंद पडला, असे व्हायला नको.

कायद्याचेही सांगतो. भारतीय विद्युत नियम १९५६ मध्ये ६१-अ या नियमाने गळती-संरक्षण आले होते. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० साली आले आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. अगदी छोट्या जोडण्या वगळता घरगुती जोडणीला ३० मिलीअँपिअरच्या आतले संरक्षण त्यांत सांगितले आहे. म्हणजे ही हौस नाही.

एकच बसवावा की विभागून?

माझ्या बोलण्याचा गाभा इथे आहे. लोक विचारतात, मेनवर एक मोठा ३० मिलीअँपिअरचा टाकला की सगळे गट आले, मग भानगड कशाला? एक खोली-स्वयंपाकघर असेल, चार लाइनी असतील, तर एक पुरतो. मोठ्या घरात तो पुरत नाही.

कॉम्प्युटर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी यांच्या आत फिल्टर असतात. त्यांतून थोडा करंट नेहमीच अर्थकडे जातो. एका कॉम्प्युटरचा साधारण अर्धा ते दीड मिलीअँपिअर. हा दोष नाही, ती त्यांची रचनाच आहे. शिवाय ३० चा आरसीसीबी ३० ला पडलाच पाहिजे, पण १५ च्या पुढे कुठेही पडला तरी तो मानकाप्रमाणेच असतो. आता सगळ्या घराची नेहमीची गळती १२-१४ झाली असेल, तर पावसाळ्यात एका बॉक्समध्ये ओल आली की झाले. सगळे घर अंधारात. एकदा पडतो, दोनदा पडतो, तिसऱ्यांदा रात्री दोन वाजता पडतो, आणि सकाळी मिस्त्री येऊन डायरेक्ट करून जातो.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका ओळखीच्या घरी मला बोलावले होते. घरातल्या बाई कूलरमध्ये पाणी भरत असताना पत्र्याला चिकटल्या. मुलाने धावत जाऊन मेन बंद केला, म्हणून जीव वाचला. तळहात मात्र भाजून निघाला. पाहिले तर पंपाची वायर पाण्यात सोललेली. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा, चांगल्या प्रतीचा आरसीसीबी होता. आदल्या पावसाळ्यात सारखा पडायचा, फ्रिजमधले दूध नासायचे, म्हणून तो डायरेक्ट केलेला. का पडत होता ते शोधले. मागच्या अंगणातल्या दिव्याच्या बॉक्समध्ये पाणी साचत होते. म्हणजे आरसीसीबी खरे बोलत होता. एका अंगणातल्या दिव्यापायी सगळ्या घराचे संरक्षण काढून टाकले गेले. तो दिवा वेगळ्या आरसीसीबीवर असता, तर अंगण तेवढे अंधारात राहिले असते आणि कूलरचा आरसीसीबी त्या दुपारी जागेवर असता.

म्हणून विभागा. दोन-तीन खोल्यांच्या घराला मी असे सुचवीन : एक आरसीसीबी पाण्याच्या आणि बाहेरच्या लाइनींना, दुसरा खोल्यांतल्या आणि स्वयंपाकघरातल्या सॉकेटना, तिसरा दिवे-पंख्यांना. फ्रिज आणि एसी यांना आपापले आरसीबीओ. बाहेरची लाइन वेगळ्या आरसीबीओवर काढता आली तर उत्तमच. दिवे वेगळे ठेवण्याचे कारण आता लक्षात आले असेल : इस्त्रीच्या दोषाने सॉकेट गेले तरी जिन्यात आणि स्वयंपाकघरात उजेड राहतो. कोणत्याही एका आरसीसीबीची नेहमीची गळती ९-१० मिलीअँपिअरच्या आत राहील अशी वाटणी करायची. मेनवर १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचा, थोडा उशिरा पडणारा ठेवता येतो, पण तो आगीपासून रक्षणासाठी. १०० चा आणि ३०० चा माणसाच्या रक्षणासाठी धरू नका.

पैशाची अडचण असेल तर क्रम असा : आधी पाणी आणि बाहेरचे, मग सॉकेट, मग दिवे. एका आरसीसीबीची किंमत दोन हजारांच्या आगेमागे असते. कूलरवर आपण त्याहून किती जास्त खर्च करतो!

सारखा पडतो, तर काय करायचे?

डायरेक्ट करायचे नाही, शोधायचे. त्या आरसीसीबीखालचे सगळे एमसीबी पाडा. आरसीसीबी उचला. मग एकेक एमसीबी चढवा. ज्यावर पडला ती लाइन दोषी. त्या लाइनवरचे प्लग काढून पुन्हा पाहा. बहुतेक वेळा गीझरचा एलिमेंट, मोटर किंवा जुनी इस्त्री सापडते.

सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी उभा राहत नसेल, तर मिस्त्री गोंधळतो. पण साधा एक-पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच असतो, आणि तो कुठे ओल्या बॉक्समध्ये अर्थला किंवा भिंतीला लागला असेल तरी आरसीसीबी पडू शकतो. मग न्यूट्रलच्या वायरी एकेक सोडवून पाहाव्या लागतात. हे काम मेन बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्या.

तिसरे कारण न्यूट्रलची सरमिसळ. आरसीसीबी तीन असतील तर न्यूट्रलच्या पट्ट्याही तीन हव्यात. फेज एकातून गेला आणि न्यूट्रल दुसऱ्यातून परत आला, तर दोन्ही खजिनदारांचे हिशेब चुकतात आणि दोन्ही पडतात.

इन्व्हर्टरचे वेगळे पाहा

सरमिसळीचा सर्वांत मोठा मानकरी इन्व्हर्टर. आरसीसीबी बसवलेल्या घरात नंतर इन्व्हर्टर आला, मिस्त्रीने दिव्यांचा फेज इन्व्हर्टरवर घेतला आणि न्यूट्रल होता तिथेच ठेवला, की आरसीसीबी पडू लागतो आणि मग डायरेक्ट होतो. इन्व्हर्टरच्या लाइनींचा न्यूट्रलही वेगळा काढून इन्व्हर्टरकडेच न्यायला हवा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. इन्व्हर्टरच्या आधी बसवलेला आरसीसीबी पडला तरी इन्व्हर्टर बॅटरीवर वीज देतच राहतो. वीज घरातच तयार होत असते, ती मागचा आरसीसीबी कशी तोडणार? म्हणून इन्व्हर्टरमधून जी लाइन बाहेर निघते तिच्यावर स्वतंत्र आरसीसीबी हवा. त्याचा न्यूट्रल-अर्थ कसा ठेवायचा हे इन्व्हर्टरच्या रचनेप्रमाणे ठरते. ते जाणकाराकडून तपासून घ्यावे.

घेताना आणि वापरताना

डबीवर आयएसआयची खूण आणि आयएस १२६४० हा क्रमांक पाहा. ३० एमए किंवा ०.०३ ए असे लिहिलेले हवे. त्याशिवाय २५, ४०, ६३ असा आकडा असतो, ती त्याची वाहण्याची ताकद. त्या आकड्याला तो पडत नाही. नुसता आरसीसीबी जादा भाराला किंवा शॉर्टसर्किटला पडत नाही, म्हणून सोबत एमसीबी हवाच. ज्याच्यावर फक्त एक नागमोडी रेघ असते तो एसी टाइप. त्याखाली अर्ध्या लाटांची आणखी एक खूण असते तो ए टाइप. इन्व्हर्टर वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी, चार्जर यांच्यासाठी ए टाइप घ्या. नव्या वायरिंगला सगळीकडे तोच घेतला तर बरे. विजेवरच्या मोटारगाडीचा चार्जर घरी बसवत असाल, तर त्याला कोणत्या टाइपचा लागतो ते चार्जरच्या पुस्तिकेत पाहून स्वतंत्र लाइन घ्या.

महिन्यातून एकदा 'टी' लिहिलेले बटण दाबा. खटकन पडला पाहिजे. संकष्टीचा दिवस लक्षात राहतो, तोच ठरवून टाका. न पडल्यास तो बदला. बटणाने फक्त डबीची तपासणी होते, अर्थिंगची नाही. अर्थिंग वर्षातून एकदा मीटरने मोजून घ्या.

रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी स्वतः बोर्ड उघडू नये. लेखी तक्रार द्या, नोंद राहते. भाड्याच्या घरात मालक तयार नसेल, तर प्लगमध्ये लावायचा आरसीसीबी मिळतो, निदान कूलर आणि वॉशिंग मशीन त्यावर चालवा.

तो काय करत नाही तेही सांगितले पाहिजे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक दिवा आहात. हिशेब जुळतो आणि तो पडत नाही. आणि मिरवणुकीतला उंच झेंडा ११,००० व्होल्टच्या तारेला किंवा आमच्या २५,००० व्होल्टच्या ओएचईला लागला, तर घरातल्या कुठल्याही डबीचा त्याच्याशी संबंध नाही. तिथे अंतर राखणे हाच उपाय.

आपला मंडप

शेवटी, आपण बसलो आहोत त्या जागेविषयी. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर पत्रे, खाली ओली जमीन, भाद्रपदातला पाऊस, सजावटीच्या बारीक वायरींच्या माळा, आणि देखाव्यात पाण्याचे कारंजे. मी मघाशी सांगितलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे 'हो' आहेत. कारंज्याचा छोटा पंप पाण्यात असतो आणि मुले त्यात हात घालतात.

यंदा मंडपाच्या बोर्डावर चार आरसीसीबी आहेत : मूर्ती आणि देखावा, मंडपातले दिवे, ध्वनिक्षेपक, आणि प्रसादाचा स्वयंपाक. चारही ३० मिलीअँपिअरचे. सांगाड्याला दोन टोकांना अर्थ जोडला आहे. परवाच्या पावसात आरतीच्या ऐन वेळी देखावा अंधारात गेला, हे आपण पाहिले. कार्यकर्त्यांपैकी कोणी म्हणाले, "आरती होईपर्यंत तरी डायरेक्ट करा." मी नाही म्हटले. समईच्या उजेडात आरती झाली, बाकीच्या मंडपात दिवे होते. नंतर सजावटीच्या माळेचा ओला जोड सापडला. तो ज्या पाइपला टेकला होता, त्या पाइपला धरून बालगोपाळ मंडळी उभी होती.

घरी गेल्यावर बोर्डाचे झाकण उघडू नका, फक्त समोर उभे राहा. आरसीसीबी आहे का, त्यावर ३० लिहिले आहे का, आणि बटण दाबल्यावर कोणकोणत्या खोल्या बंद होतात, एवढे पाहा. बटण दाबल्यावरही कूलर फिरत राहिला, तर उद्याच वायरमनला बोलवा.

 गणपती बाप्पा मोरया!